सहा दात, एक्केचाळीस दात

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकासाठी लेख लिहायचा म्हणजे तो पहिल्या पावसावर, आजीच्या बटव्यावर किंवा वसतिगृहातल्या आमटीवर असावा, असा एक अलिखित संकेत आहे. माझा लेख ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर आहे. संपादक मंडळातल्या मैत्रिणीने तो हातात घेतला आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "अगं, हा पॉलिटेक्निकचा कागद आपल्याकडे कसा आला?" तिला मी सांगितले की, हा लेख भूगोलाचाच आहे. तिचा विश्वास बसला नाही. वाचकांचा बसेल अशी आशा करते.

आमचे घर चाकणच्या अलीकडे आहे. आजोबांच्या काळी तिथे कांदा आणि बाजरी व्हायची. पुढे औद्योगिक वसाहत आली, जमीन गेली, आणि मिळालेल्या पैशांतून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिला ट्रक घेतला. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांची गोष्ट एवढीच आहे : गोठ्याच्या जागी गाडी उभी राहिली. आता आमच्याकडे आहे तो ट्रेलर ओढणारा डिझेल ट्रक. पुढच्या भागाला आमच्याकडे 'हॉर्स' म्हणतात. त्याला स्वतःचा हौदा नसतो. पाठीवरच्या तव्यावर ट्रेलरची मान टेकवायची आणि ओढत न्यायचे, एवढेच त्याचे काम. चाकणहून कंटेनर घेऊन न्हावाशेवा बंदराला जायचे आणि येताना मिळाले तर पत्र्याची गुंडाळी किंवा यंत्रसामान घेऊन वर यायचे. जाताना बोरघाट उतरायचा, येताना चढायचा. गाडी जुनी, दुसऱ्या हाताची. बँकेचे हप्ते मात्र नवे.

गेल्या जानेवारीत एका रात्री हीच गाडी घाटात मोडली. चालवायला दादा होता, शेजारी अण्णा. ट्रेलरवर पोलाद, सगळे मिळून वजन चाळीस टनांच्या घरात. चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुदमरू लागली. दादाने दुसरा टाकायला घेतला, तेवढ्या क्षणात गाडी थांबली आणि इंचभर मागे सरली. त्याने क्लच सोडला. मागून 'कडाड्' असा आवाज आला. मग इंजिन चालू, गिअर पडलेला आणि चाके मात्र जागच्या जागी. अण्णांनी खाली उडी मारून चाकाला उटी लावली म्हणून पुढचे टळले.

दुसऱ्या दिवशी गाडी क्रेनने निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत आली. आमचे वस्ताद तिथे बसतात. त्यांनी मागचे हौसिंग उघडले, तेल परातीत सोडले, आणि त्या काळ्या तेलात चांदीच्या भुकटीसारखा चुरा चमकला. क्राऊनचे चार दात गेले होते.

घरी त्या रात्री कोणी भांडले नाही. तेच वाईट होते. अण्णा एवढेच म्हणाले, "क्लच झटक्यात सुटला." दादा म्हणाला, "गाडी मागं जात होती, अण्णा." त्यानंतर दोघे आठ दिवस एकमेकांशी फक्त आईमार्फत बोलत होते. गाडी उभी, हप्ता तोंडावर, आणि मी पुढे एम्. ए.ला जायचे की नाही हा विषय कोणी काढला नाही, यावरूनच तो सगळ्यांच्या मनात आहे हे मला कळले.

आता थोडे तांत्रिक. प्राध्यापक मंडळींनी पान उलटू नये. मलाही हे प्रथम परातीपुढे बसूनच समजले. इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समधून एका लांब दांड्याने मागे येते. तिथे एक लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. त्याला काटकोनात बसलेले मोठे दातेरी चाक म्हणजे क्राऊन. पिनियनला ६ दात आणि क्राऊनला ४१ असतील तर दांडा जवळजवळ सात वेळा फिरावा तेव्हा गाडीचे चाक एकदा फिरते. नेमके सांगायचे तर ६.८३ वेळा. जेवढा हा आकडा मोठा तेवढी ओढ जास्त आणि पळ कमी. आकडा लहान असला की पळ जास्त, ओढ कमी. दोन्ही एकदम मिळत नाही. शिवाय क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात; एक नवे आणि एक जुने असे चालत नाही. घ्यायची तर जोडीच घ्यावी लागते.

आमच्या अ‍ॅक्सलला कंपनीने मान्य केलेल्या तीन जोड्या बसत होत्या. वस्तादांनी बोटांवर मोजल्या : "सात-एक्केचाळीस, सहा-सदतीस आणि सहा-एक्केचाळीस." म्हणजे ५.८६, ६.१७ आणि ६.८३. मोडलेली जोडी पहिली होती, सर्वांत पळणारी. पहिल्या मालकाने सपाटीवरच्या हलक्या मालासाठी ती घेतली असावी. आम्ही गाडी घेताना टायर पाहिले, कागद पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला. दात कोणी मोजले नाहीत.

दादाला पुन्हा तीच जोडी हवी होती. त्याचे म्हणणे असे की सपाटीवर गाडी पळाली पाहिजे, डिझेल वाचले पाहिजे, पुढेमागे बंगळूरचे भाडे धरता आले पाहिजे. अण्णांना सहा-एक्केचाळीस हवी होती. ते म्हणाले, "शर्यतीचा बैल नांगराला जुंपत नाहीत." आमच्या खेड तालुक्यात या वाक्याला वजन आहे. बैलगाडा शर्यतीची धावपट्टी आमच्याकडे 'घाट' म्हणूनच ओळखली जाते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या, आणि मधल्या सात वर्षांत गोठ्यात उभ्या असलेल्या शर्यतीच्या बैलाला औताला जुंपण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. दादा यावर म्हणाला, "अण्णा, तुमच्या बैलाला बँकेचा हप्ता नव्हता."

वस्ताद दोघांचेही ऐकून घेत होते. शेवटी ते माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही शिकलेल्या. काढा बघू हिशोब."

मी म्हणाले, "वस्ताद, मी आर्ट्सला आहे."

"मग काय झालं? घाट तर तुमच्याच पुस्तकात असतो की."

हे मात्र खरे होते. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आम्ही समोच्च रेषा मोजून उतार काढतो. तोपर्यंत तो उतार माझ्या दृष्टीने दहा गुणांचा होता. मी सरांची परवानगी घेऊन विभागातला पन्नास हजारास एक प्रमाणाचा नकाशा उघडला. त्यात दर वीस मीटरला एक तपकिरी रेषा असते. रस्त्याच्या वळणांवर दोरा ठेवला, मग तो पट्टीवर ताणला. माझ्या मोजणीने खोपोलीकडच्या पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत सुमारे १२ किलोमीटर रस्ता आणि सुमारे ४८० मीटर चढ निघाला. म्हणजे पंचवीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर : पंचविसास एक.

पुढचा हिशोब ग्रंथालयातल्या एका वाहनविषयक पुस्तकाच्या आधारे केला. चाळीस टन म्हणजे ४०,००० किलो. पंचविसास एक चढावर त्याला मागे खेचणारी ओढ त्याच्या पंचविसाव्या भागाइतकी, १६०० किलो. रस्त्याचे आणि टायरचे घर्षण दर टनाला ८ किलो धरले तर आणखी ३२०. एकूण १९२० किलो. आमच्या चाकाची त्रिज्या सुमारे ५१ सेंटिमीटर. म्हणून चाकाला पिळा द्यावा लागतो सुमारे ९८० किलोग्रॅम-मीटरचा. इंजिन फार तर ७० देते, म्हणजे एक मीटरच्या दांड्याच्या टोकाला ७० किलो टांगल्याइतका पिळा. त्यातले शंभरात पंधरा भाग गिअर आणि तेल खातात; उरतात ६०. तेव्हा ६० चे ९८० करायला गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल मिळून १६.३ पट हवी. आमच्या तिसऱ्या गिअरची पट ३ आहे. सात-एक्केचाळीसची जोडी धरली तर ३ गुणिले ५.८६, म्हणजे १७.६.

दादा जिंकला होता! त्याच्या जोडीने तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढायला हवा होता. कागद पाहून त्याचा चेहरा उजळला. पण क्षणात काळवंडलाही. कारण जोडी बरोबर असेल तर चूक कोणाची? क्लच सोडणाऱ्याची. त्याला हवे ते उत्तर मी दिले होते आणि त्याच उत्तराने त्याला दोषी ठरवले होते. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी कागद घडी करून मला परत दिला.

वस्तादांनी मात्र तो उलगडून पुन्हा पाहिला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. "हा पंचवीस कुठला?"

"सबंध घाटाची सरासरी आहे."

"ताई, गाडी सरासरीवर चढत नाही. जिथं मोडली तिथला चढ किती?"

मी गप्प बसले. नकाशावर दोन रेषांमधल्या वीस मीटरांत रस्ता कुठे ताठ होतो आणि कुठे विसावतो, हे माझ्या दोऱ्याला ठाऊक नव्हते. परीक्षेत सरासरी उतार विचारतात. वळण विचारत नाहीत.

त्याच आठवड्यात शेजारचे काका पिकअप घेऊन खोपोलीला जाणार होते. अण्णा आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. माझ्या कंपासपेटीतला कोनमापक मी काचेच्या कडेला चिकटवला आणि मध्यातून दोऱ्याला एक नट टांगून ओळंबा केला. सपाट रस्त्यावर दोरा जिथे आला तिथे शून्य धरले. परतताना घाटात पुढे नेहमीप्रमाणे भरलेल्या गाड्यांची रांग होती, त्यामुळे आम्हीही मुंगीच्या चालीने चढत होतो. मोजणीला तेच बरे पडले. दोरा बराच वेळ दोन अंशांच्या आसपास झुलत होता. १८३० सालचा जुना अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. तो जिथे होता, त्याच्या अलीकडे अण्णा एकदम म्हणाले, "बघ आता." मला बाहेर काहीच वेगळे दिसले नाही. रस्ता तसाच, डोंगर तसाच. पण दोरा सरकत सरकत तीन अंशांना जाऊन टेकला.

तीन अंश म्हणजे जवळजवळ विसास एक. अण्णांनी भूगोल शिकलेला नाही. तो एक अंश त्यांच्या पायाच्या तळव्याला, अ‍ॅक्सिलरेटरवर, इतक्या वर्षांत पाठ झाला होता.

मी घरी येऊन गणित पुन्हा मांडले. विसास एक चढावर २००० किलो, अधिक ३२०. चाकाला पिळा सुमारे ११८३. पट हवी १९.७. आता तिन्ही जोड्या तिसऱ्या गिअरमध्ये तपासल्या. सात-एक्केचाळीस : १७.६, नापास. सहा-सदतीस : १८.५, नापास. सहा-एक्केचाळीस : २०.५. काठावर, पण उत्तीर्ण. तिघांत एकच.

याचा अर्थ असा की त्या रात्री तिसऱ्यात गाडी चढणे शक्यच नव्हते. दुसरा टाकावाच लागणार होता, तोही नेमका त्या वळणावर, चाळीस टन पाठीशी असताना. क्लचच्या झटक्याने दात मोडले हे खरे. पण तो झटका द्यायची वेळ ज्या जोडीने आणली ती कोणी निवडलीच नव्हती. मी हे दोघांसमोर वाचून दाखवले. अण्णा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग आईकडे न पाहता थेट दादाला म्हणाले, "माझ्या हातात असती तरी मोडली असती." आठ दिवसांतले त्यांचे ते पहिले वाक्य.

दादाने तरी लगेच मान्य केले असे नाही; तसे झाले असते तर तो आमचा दादा नव्हे. त्याने विचारले, "आणि सपाटीवर काय करायचं?" हा प्रश्न रास्त होता. आमचे चाक एका किलोमीटरला सुमारे ३१२ वेळा फिरते. ताशी ६० किलोमीटरला जुन्या जोडीने इंजिन मिनिटाला सुमारे १८३० फेरे घ्यायचे. नव्या जोडीने २१३० घेईल. डिझेल जास्त जाणार. ते टाळायचे तर ५० ने चालवायची. चाकण ते न्हावाशेवा सुमारे १२० किलोमीटर. त्यातले ९० किलोमीटर मोकळे धरले तर ६० ऐवजी ५० ने जायला १८ मिनिटे जास्त लागतात. एवढा सगळा वाद अठरा मिनिटांचा होता. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी तेवढी मिनिटे एका घासात गिळते. शिवाय त्या कोंडीत भरलेली गाडी थांबवायची, उचलायची, पुन्हा थांबवायची, हेही मोठ्या आकड्याच्या जोडीला सोपे जाते. क्लच प्लेट कमी जळते. आणि कंटेनर घेऊन घाट उतरताना त्याच गिअरमध्ये इंजिन गाडीला जास्त धरून ठेवते, ब्रेकवरचा भार हलका होतो.

तरी दादाच्या बंगळूरचे काय? तेव्हा मी अण्णांची फेऱ्यांची वही मागितली. मागच्या तीन महिन्यांत गाडी जितक्यांदा घाट चढली, त्यातल्या तीन फेऱ्यांना दोन फेऱ्या भरलेल्या होत्या. बंगळूरची एकही नव्हती. दादाने वही मिटली आणि वस्तादांना फोन लावला. "सहा-एक्केचाळीस टाका," एवढेच तो म्हणाला. निर्णय त्याने घेतला, हे मला फार बरे वाटले. त्याच्यावर लादला असता तर घरात आणखी एक दात मोडला असता.

आपल्या बोरघाटात १८६३ सालापासून रेल्वे आहे. तिचा तिथला चढ सदतिसास एक, म्हणजे आमच्या वळणाच्या जवळजवळ निम्मा. तरी गाडीला मागून रेटायला जादा इंजिने जोडतात. ट्रेलरवाल्याला मागून रेटणारे कोणी नसते. त्याने निघण्यापूर्वीच, सपाटीवर उभे राहून, आपला सर्वांत वाईट चढ कोणता हे ठरवायचे आणि तेवढे दात बसवून घ्यायचे. घाटात ते बदलता येत नाहीत. आम्हा तृतीय वर्षाच्या मुलामुलींना सध्या सगळे विचारत असतात की पुढे किती वेगाने कुठे जाणार. कोणते ओझे घेऊन, कोणत्या वळणावर, हे कोणी विचारत नाही.

गाडी सुरू झाली. पहिल्याच भरल्या फेरीत त्या वळणावर ती तिसऱ्या गिअरमध्ये ताशी १४ किलोमीटरने, कुरकुरत, पण न थांबता वर आली. अण्णा शेजारी बसून होते. दादा सांगतो की, वळण संपेपर्यंत त्यांनी डॅशबोर्डची कड धरून ठेवली होती.

एक गंमत सांगून संपवते. पंधरा दिवसांनी दादा विजयी मुद्रेने आला. "बघ तुझं गणित! गाडी सपाटीला आरामात साठनं चालते आणि अ‍ॅव्हरेजही वाढलं!" मला क्षणभर वाटले, आपले सगळे चुकले. मग मी वही पाहिली. चाकण ते न्हावाशेवा हे अंतर १२० चे १४० किलोमीटर झाले होते! बंदर सरकले नव्हते. मीटरची केबल गिअरबॉक्सवरून येते आणि मीटरला मागची नवी जोडी ठाऊक नव्हती. तो जुन्याच दातांनी मोजत होता. मीटरवर साठ, रस्त्यावर एक्कावन्न. वस्तादांनी मीटरचा गिअर बदलून दिला आणि अ‍ॅव्हरेज मुकाट्याने खाली आले, पूर्वीपेक्षा थोडे कमीच. ते आम्ही सोसतो.

मोडके क्राऊन आता आमच्या अंगणात दाराला टेकण म्हणून आहे. अण्णांच्या वहीत एक नवा रकाना आला आहे. तारीख, भाडे, डिझेल यांच्या शेजारी त्यांनी स्वतः पट्टीने रेघ मारून लिहिले आहे : 'वर येताना भरून की रिकामी'. आणि आमच्या भूगोल विभागाचा तो नकाशा मी सरांना परत केला, तेव्हा त्या वळणावर पेन्सिलीने एक बारीक टिंब ठेवले आहे. सरांनी ते अजून पाहिलेले नाही. आता हा लेख वाचून पाहतील.

— तृतीय वर्ष कला (भूगोल)